एक वाजेपर्यंत

पोलक्याची बाही शिवानीच्या कोपरावर अडकली होती. वरही जाईना, निघेहीना.

"हात सैल सोड बघू, राणी," सुमेधाताई म्हणाल्या.

"आजी, दुखतंय!"

ठाण्यातल्या त्या स्टुडिओत कपडे बदलायला पडद्याआड हातभर जागा होती. सुमेधाताई तिथे फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. बाहेर त्यांचे यजमान त्र्यंबकराव नातवाची, सलिलची जरीची टोपी धरून उभे होते. त्यांचा मुलगा केदार दर मिनिटाला घड्याळ बघत होता.

बारा वाजून दहा मिनिटं. वकिलांनी ठरवून दिलेली वेळ अकरा ते एक. त्यातला तासभर घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकने खाल्ला होता. केदार आणि त्याची बायको ऋजुता वेगळे झाल्यावर कोर्टाच्या तारखा पडत गेल्या आणि अकरा महिने या तिघांपैकी कुणी मुलांना पाहिलं नाही. आता शुक्रवारी ऋजुता पाच वर्षांच्या शिवानीला आणि अडीच वर्षांच्या सलिलला घेऊन सिडनीला चालली होती. सुमेधाताईंनी एकच मागितलं होतं. नातवंडांबरोबर सगळ्यांचा एक धड फोटो.

त्यासाठी त्यांनी आपली जांभळी इरकली साडी फाडून शिवानीला परकर-पोलकं आणि सलिलला झब्बा शिवला होता. मानपाड्याच्या घरात पंधरा दिवस मशीन चालू होतं.

"अहो, मापं नीट लिहून घेतली होती ना तुम्ही?" पडद्याआडून आवाज आला.

त्र्यंबकराव टोपीची जर बोटाने सारखी करत राहिले.

"तिनेच चुकीची सांगितली असणार. मुद्दाम!"

"सोड ना आई," केदार म्हणाला. "तिचं तसंच असतं. जीन्सवर काढू फोटो."

"जीन्सवर नाही काढायचा."

ब्लेडने शिवण उसवल्याचा आवाज येऊ लागला. शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया सोडलेली होती. पण पोर अकरा महिन्यांनी वाढलं होतं, तिथे दोन बोटांनी काय होणार?

त्र्यंबकरावांनी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. वाचनालयात गप्पा मारणाऱ्या मुलांना गप्प बसा म्हणायलाही त्यांची जीभ उचलत नसे. मापं विचारायला ऋजुताला फोन करायचा म्हणून ते तीनदा गॅलरीत गेले होते आणि तीनदा परत आले होते. शेवटी कपाटात राहिलेला शिवानीचा जुना फ्रॉक त्यांनी टेपने मोजला. अंदाजाने दोन-दोन इंच वाढवले, सलिलचं माप तर निव्वळ मनाने लिहिलं, आणि 'तिने सांगितली' म्हणून कागद पुढे केला.

झब्बा सलिलच्या डोक्यातच अडकला. आत अंधार झाल्यावर तो किंचाळला. केदारने घाईने झब्बा काढून त्याला उचललं, तर त्याने केदारच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या.

"अंकल, सोड! आई पाहिजे!"

केदारने त्याला हळूच खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

फोटोग्राफर प्रीतम कॅमेऱ्यामागून पुढे आला. "सर, एक बोलू? मम्मी खाली गाडीत थांबल्यात ना, त्यांना वर बोलवा. पोरगं दोन मिनिटांत शांत होईल."

"ती नाही येणार," केदार भिंतीकडे बघतच म्हणाला. "आणि मी नाही विचारणार."

एकला वीस कमी होते.

"मी फोन केलाच नव्हता," त्र्यंबकराव म्हणाले.

"कसला फोन?"

"मापांचा. मी जुना फ्रॉक मोजला. तिने काही चुकीचं सांगितलेलं नाही."

ब्लेड थांबलं. पडदा सरकवून सुमेधाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर जांभळे दोरे पडले होते.

"आयुष्यभर असंच केलंत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आता खाली जा. आणि जमलं नाही, हे सांगायला वर येऊ नका."

ऋजुता रस्त्यापलीकडे गाडीत बसली होती. जिना उतरताना त्र्यंबकरावांनी जुळवलेली वाक्यं काच खाली होताच विरून गेली.

"बाबा? काय झालं? सलिल पडला का?"

"नाही, नाही. रडतोय." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तू येतेस का? फोटोत नाही. म्हणजे, नुसती समोर उभी राहा. कपडेही होत नाहीयेत. चूक माझीच आहे."

तिने मनगटावर पाहिलं. "एकला निघायचंय मला."

"हो. एकलाच."

वर आल्यावर तिने केदारकडे पाहिलं नाही. शिवानीच्या पाठीवरचं ताणलेलं पोलकं पाहून ती सुमेधाताईंच्या शेजारी बसली.

"आई, मागून उघडंच राहू दे. पुढून दिसणार नाही."

"पिना आहेत का गं तुझ्याकडे?"

"आहेत."

झब्बा मागून उभा कापून सलिलच्या अंगावर नुसता अडकवला. मग ऋजुता प्रीतमच्या मागे, जरा डावीकडे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात कानांना लावून तिने मान हलवली, गाल फुगवले. सलिलच्या ओल्या गालांवर हसू आलं.

"सगळ्यांनी कॅमेऱ्यात बघा! काका, इकडे!" प्रीतम ओरडत राहिला.

एकला दोन मिनिटं असताना ती मुलांना घेऊन जिना उतरली. शिवानीने वळून हात हलवला. सलिल आईच्या खांद्यावर झोपायला टेकला होता.

प्रीतमने संगणकावर फोटो दाखवले. चौदा होते.

"सॉरी काका, एकातही कोणी कॅमेऱ्यात बघत नाहीये. पोरांचं समजू शकतो, पण तुम्ही सगळेच..."

चौदाही फोटोंत पाचही जण कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघत होते. शेवटच्या फोटोत केदार हसत होता.

"हा मोठा करून द्या," त्र्यंबकराव म्हणाले.

खुर्चीच्या पाठीला धरून केदार अजून त्या फोटोकडे बघत उभा होता.