सतरा नंबरचा अर्ज

एकतीस वर्षं नगरपालिकेच्या नोकरभरतीत काढलेल्या हानेलोरे ब्रिंकमानबाईंना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. फोटो बघितला की त्यांना माणूस कळायचा. अर्जाच्या फाइलीत पहिल्याच पानावर फोटो असे. एक नजर, की फाइल डावीकडे नाहीतर उजवीकडे. डावीकडच्या फाइली आभाराच्या पत्रासकट घरी परत.

आता मात्र नवा हुकूम निघाला होता. शेजारचं खातं फोटो काढून टाकायचं, नाव-गाव-वय काळ्या शाईनं झाकायचं आणि बाईंच्या टेबलावर नुसते नंबर यायचे.

"थीसेनसाहेब, हे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून नवरा निवडा म्हणण्यासारखं झालं," त्या उद्यानप्रमुखाला म्हणाल्या.

"वाचा की मग! वाचायला कुणी बंदी केलीय?"

जागा झाडं तपासणाऱ्याची होती. बाई तणतणत वाचू लागल्या आणि सतराव्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर थबकल्या. 'शाळेसमोरचं तिसरं लिंडनचं झाड आतून पोकळ आहे. लाकडी हातोडीनं ठोकून बघा, कमरेच्या वर आवाज बदलतो. खाली मुलं बसची वाट बघतात.'

बाईंनी ते पान थीसेनला दाखवलं. दुपारी तो हातोडी घेऊन निघाला, तशा बाईही गेल्या. झाड हिरवंगार, फुलांनी गच्च भरलेलं, मधमाश्यांनी घुमणारं. टक्, टक्, टक्... आणि मग ढब्ब! थीसेननं तपासणीची लांब सुई टोचली, ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. त्याचा चेहरा उतरला.

"मी रोज इथून जातो," तो म्हणाला. "हा माणूस मला हवाच."

कुणीतरी नुसत्या कानानं झाडाच्या पोटातलं ओळखलं होतं. त्या माणसाला ना तोंड होतं, ना नाव, तरी इतका स्पष्ट माणूस बाईंना एकाही फोटोत दिसला नव्हता.

मुलाखतीला दार उघडलं आणि डोक्याला निळा रुमाल बांधलेली, पन्नाशीला आलेली बाई आत आली. शेंग्युल काराताश. ब्रिंकमानबाईंनी तिला लगेच ओळखलं. फोटोवरून.

"लिंडनचं कधी लक्षात आलं तुमच्या?" थीसेननं विचारलं.

"सहा वर्षं झाली. दर वेळी लिहिलं होतं मी."

तिनं पिशवीतून परत आलेल्या चार फाइली काढून टेबलावर ठेवल्या. ब्रिंकमानबाईंनी सर्वांत जुनी उघडली. फोटो. त्याखालचं पान उलटलं, तर तेच झाड, तीच मुलं. चारही फाइलींच्या पत्रांवर त्यांचीच सही होती.

"काराताशबाई," त्या म्हणाल्या, "मी हे पान कधी उलटलंच नाही."

"ठाऊक आहे मला," शेंग्युल शांतपणे म्हणाली. "पानं नवीकोरीच परत यायची. म्हणून दर वर्षी मी शाळेसमोर जाऊन ठोकून बघायचे, अजून उभं आहे ना."