तेच तीन सूर

"मावशी, तुम्ही एकदाच वाजवा. पुढचं मी चिकटवतो," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "तेच तीन सूर आहेत ना?"

तेच तीन सूर म्हणे! माझं डोकंच फिरलं. आम्ही चौघं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. जन्मभर मी दुसरं व्हायोलिन वाजवत आले. हा आमचा नवा अल्बम, आणि माझा शेवटचा. सांधे सुजलेत, डॉक्टरांनी हात टेकलेत. या रचनेत बाकीचे तिघं मनसोक्त हिंडून येतात आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनच सूर घोळवत बसते. मी थांबले तर त्यांना परतायला घर नाही.

"फाटकं पुस्तक आहे का चिकटवायला?" मी विचारलं.

चेलो वाजवणारा माझा धाकटा भाऊ. तो खुर्ची सरकवून जवळ आला. "ताई, हट्ट करू नकोस गं. सकाळी तुला कप धरवत नव्हता. आणि कुणाला कळणार आहे?"

"मला. मध्येच थांबले तर खुशाल चिकटवा. तोवर गुमान वाजव."

लाल दिवा लागला. निम्म्यापर्यंत निभावलं. मग मनगटातून जी कळ निघाली ती थेट खांद्यात. भाऊ वाजवता वाजवता सारखा माझ्याकडे बघत होता. मी डोळे वटारले. शेवटी शेवटी गज जड झाला, सूर खरखरायला लागले. पण एकही सोडला नाही.

सगळं ऐकून झाल्यावर रेकॉर्डिंगवाल्याने मान खाजवली. "झकास झालंय मावशी. फक्त शेवटी थकल्यासारखं वाटतंय. तेवढ्यापुरते सुरुवातीचे सूर घेऊन..."

"थकलेच होते. सकाळी उठलेली बाई आणि रात्री अंथरुणाला टेकलेली बाई सारखी दिसते का रे? हात लावायचा नाही त्याला."

त्याने आशेने भावाकडे पाहिलं.

"ताई म्हणते तसंच राहील," भाऊ म्हणाला.

आवराआवर सुरू झाली. मी व्हायोलिन पेटीत ठेवलं, वर रुमाल पांघरला. खटका लावायला गेले तर बोटं वळेनात. भाऊ लगबगीने पुढे झाला.

"सरक," मी म्हटलं, आणि कोपराने दाबून खटका लावला.