यादीतलं नाव

ओहायोत बसून लोकशाहीवर लिहायला काही लागत नाही. फोन लागतो आणि रविवार लागतो. जितेशकडे दोन्ही होतं, त्यामुळे गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे मेसेज येत आणि ते इतके लांब असत की पुरते कुणी वाचत नसे. मत विकू नका. पॅनलवाल्यांच्या मटणाला भुलू नका. बोगस मतदान म्हणजे गावाच्या पाठीत सुरा. खाली कमलेश नेमानं दोन जोडलेले हात टाकायचा. कमलेश हा पॅनलचाच माणूस. मटण त्याच्याच शेतघरावर शिजायचं.

तो अमेरिकेत गेल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत आईनं, अंबाबाईनं, त्याला होळीला बोलावलं, लग्नांना बोलावलं, बापाच्या वर्षश्राद्धाला बोलावलं. या खेपेला फोन आला तो वेगळाच होता. "रविवारी ग्रामपंचायतीचं मतदान हाय. त्याच्या आदी ये."

जितेश मनातून सुखावला. निदान एका घरात तरी आपलं लिहिणं पोचलं, असं त्याला वाटलं. शिवाय तिकडून निघायला त्याला निमित्त हवंच होतं. तिकडच्या निवडणुकीनंतर शेजारचा डेव्ह त्याच्याशी बोलायचा बंद झाला होता. बारा वर्षं दोघांनी मिळून एकच बर्फ काढायचं यंत्र वापरलेलं. आता डेव्ह त्याला पाहून गॅरेजचं दार खाली ओढायचा. आणि एकदा पेट्रोल पंपावर एक परका माणूस अगदी शांतपणे म्हणाला होता, "तुझ्या देशात जा." जितेशनं टाकी भरली, झाकण लावलं, गाडीत बसला. घरी पोचेपर्यंत तो एकच विचार करत होता, की कुठल्या? कारण कागदावर त्याचा देश तोच होता.

हे आईला माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एका सभागृहात उजवा हात वर करून त्यानं आधीच्या देशाची निष्ठा सोडल्याचं मोठ्यानं म्हटलं होतं. नंतर सगळ्यांनी केक खाल्ला. आईला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "कागद झाला." तिनं ते रेशनकार्डासारखं काहीतरी समजून घेतलं आणि देवापुढे साखर ठेवली.

विमानतळावरून गाडी करून, चौक गावापाशी आत वळून तो शुक्रवारी घरी आला. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर आईनं त्याला शेजारच्या सुप्रियाची गोष्ट सांगितली. वस्तीतून ओढ्याकडे जाणारी वाट बंगल्यांच्या स्कीमवाल्यानं भिंत घालून बंद केली, पॅनलनं ना हरकत दिली, आणि सगळे गप्प बसले तेव्हा ही सून निवडणुकीला एकटी उभी राहिली. शिट्टी निशाणी मिळाली. मागच्या साली अंबाबाईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा याच सुप्रियानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं आणि दीड महिना तिची न्हाणीपर्यंतची सगळी सेवा केली होती.

"मग काय अडचण? तिलाच मत दे," जितेश म्हणाला.

"मला नाय देता येत. बुधवारी कमलेशनं आमा बायांना गावदेवीच्या देवळात नेलं. नारळावर हात ठेवून आण घेतली, मत पॅनलला म्हणून."

जितेशचा आवाज चढला. मतदान गुप्त असतं, यंत्रावर नाव उमटत नाही, असली शपथ घ्यायला लावणं हाच गुन्हा आहे, हे सगळं त्यानं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली.

"यंत्राला नाय कळत, गावदेवीला कळतं. आणि आण माजी नाय घालायला लावली रं. लेकराची घालायला लावली. तुजी हाय ती."

त्याचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण आईच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती आणि ती त्याच्यासाठी होती.

मग तिनं देव्हाऱ्याखालून एक चिठ्ठी काढली. मतदार चिठ्ठी. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, यादीतला क्रमांक. "शाळेतल्या बाई यादीतली नावं कापाया आल्या व्हत्या. मी म्हटलं, कापू नका, माजा लेक येतो. तीन खेपा सांगितलं. मी बांधलेली हाय, तू मोकळा हायस. माज्या वाटचं मत तू सुप्रियाला दे. म्हणून बोलावलं तुला."

म्हणजे त्याच्या लिहिण्यानं काही झालं नव्हतं. म्हातारीनं स्वतःच वाट काढली होती, आणि ती वाट त्याच्यावरून जात होती.

"मला नाही देता येणार, आई."

"कोण इचारतंय? सगळे वळखतात तुला."

हेही खरंच होतं. जुनं मतदार ओळखपत्र कपाटात होतं. एक बटण दाबायचं, बोटाला शाई, संपलं. त्याच्या मनात ते आलं आणि थोडा वेळ राहिलंही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं गाव उद्या म्हणालं असतं. पण गावाला कळलंही नसतं. शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं. सभागृह, वर केलेला हात, सोडलेली निष्ठा, आणि तिच्याबरोबर गेलेला इथल्या मताचा हक्क. केकचं तेवढं सांगितलं नाही.

अंबाबाई बराच वेळ चिठ्ठीची घडी घालत, उलगडत बसली. "हितली शपथ कदी घेतलेलीस का तू?"

"नाही. इथं कोण घ्यायला लावतं?"

"मग सोडलंस काय?"

त्याला लाज वाटली, आणि ती कुणाची वाटतेय हेही त्याला ठरवता येईना.

"तितं कोनाची आण घातलीस?" तिनं विचारलं.

"कुणाची नाही."

"मग ती मोडाया सोपी हाय," ती म्हणाली. पण तिनं आग्रह केला नाही. चिठ्ठी पुन्हा देव्हाऱ्याखाली गेली.

रविवारी तो तिला काठीच्या आधारानं शाळेपर्यंत घेऊन गेला. केंद्राची हद्द दाखवणाऱ्या चुन्याच्या रेघेशी थांबला. रेघेच्या अलीकडे दोन टेबलं होती. पॅनलच्या टेबलाभोवती खुर्च्या आणि माणसं. दुसऱ्या टेबलाशी सुप्रिया, तिची जाऊ छाया आणि पाण्याचा एक जार. सुप्रियानं त्याच्याकडे पाहून मान हलवली. अंबाबाईनं तिला काय शब्द दिला होता ते तिच्या पाहण्यावरून त्याला कळलं.

"दादा, जा ना आत," पलीकडून कमलेश म्हणाला. "नाव हाय तुमचं. हक्क हाय, तुमीच लिवता ना."

"मी इथंच बरा आहे."

कमलेशनं हात जोडले, ग्रुपवर जोडायचा तसेच, आणि शेजारच्याला काहीतरी सांगून हसला.

अंबाबाईला बाहेर यायला बराच वेळ लागला. बोटाला शाई होती, डोळे खाली होते. जितेशनं हात पुढे केला, पण तो न धरता ती काठी टेकत सरळ सुप्रियाच्या टेबलाशी गेली. पॅनलची माणसं बोलायची थांबली.

"सुप्रिया, मी तुला मत नाय दिलं गं."

"ठावं हाय, काकी. पोराची आण कोण मोडंल? उन्हात उभ्या नका राहू, बसा."

अंबाबाई बसली नाही. "आणि ह्याची बी वाट नको बघू. तुला म्हटलं व्हतं मी, पण माजं चुकलं. नाव हाय यादीत. हा आता हितला नाय."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं, आणि मग ती रडू लागली. पेट्रोल पंपावरचा माणूस बोलला होता तेव्हा जितेशला राग आला होता. आता रागही आला नाही.

सुप्रियानं अंबाबाईला खुर्चीत बसवलं, तिच्या हातात पाणी दिलं, आणि दुसरा पेला भरून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. डोक्यावरचा पदर तिनं सावरून घेतला होता, दारी पाहुणा आला की घेतात तसा.

"घ्या," ती म्हणाली. "लांबून आलात."