आत्याच्या मरणाचे खर्डे

खर्डा पहिला.

भिमाबाई सरकारी दवाखान्यात वारली. व्हरांड्यातल्या खाटेवर. शेवटचा शब्द: पाणी.

मी वाचून थांबले. आत्या माझ्या सोफ्यावर मांडी घालून शेंगा सोलत होती.

"झालं?"

"झालं."

"पाणी?" ती हसली. "पाणी मागत मेले मी?"

(पुढच्या खर्ड्याआधी थोडं सांगायला हवं.)

ही माझी पहिली कादंबरी. छाटणीच्या दिवसांत सुरगाण्याकडून नाशिकच्या द्राक्षबागांत उतरणाऱ्या एका टोळीची. टोळीची मुकादमीण माझी सख्खी आत्या, भिमाबाई. पुस्तकातही तिचं नाव तेच. मला आधी माणूस सुचत नाही, त्याचं चालणं सुचतं. 'भिमाबाई कात्री कमरेला खोचून निघाली', एवढं एक वाक्य सुचलं आणि तिच्या मागे मी चालत राहिले. तिला शब्द मात्र दिला होता: तू हो म्हटल्याशिवाय छापणार नाही. बाकीच्या सगळ्या प्रकरणांना ती हो म्हणाली होती. शेवटचं राहिलं होतं. प्रकाशकाला ते आज हवं होतं आणि आत्याची टोळी दुपारीच भात कापायला गावी निघणार होती.

"मी नाय हो म्हणायची," आत्या म्हणाली.

खर्डा दुसरा. आत्याने सांगितला तसा.

बिबट्या आला. येलाखाली बसला. भिमाबाईनं कात्री उपसली. बिबट्या मेला. मग भिमाबाईपण मेली. समद्या तालुक्यात सुतक.

"आत्या, कोण विश्वास ठेवेल?"

"मंगळ्याच्या बारीला ठेवला ना?"

दुखणं तिथे होतं. मंगळू म्हणजे माझे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. आमच्या गावच्या बोहाड्यात मुखवटे घालून देव नाचवतात. त्यात ते नरसिंहाचं सोंग घ्यायचे. खरं तर ते घरी झोपेत गेले. कादंबरीत मी त्यांना नाचून झाल्यावर, मुखवटा उतरवता उतरवता मरण दिलं. ते प्रकरण एका दिवाळी अंकात आलं, पोरांनी गावात वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून मेलेल्या भावाचा मान वाढत चाललाय. जिवंत बहिणीला तो बघवत नाही.

"देवाचं तोंड हातात धरून गेला तो. आन मला खाट! गावात वाचतील ना समदे."

खर्डा तिसरा. माझा, घाईतला.

भिमाबाई जीपमध्ये खिडकीशी बसली होती. घाट चढताना तिने डोळे मिटले ते…

"जीपीत? त्या वकाऱ्या काढणाऱ्या बायांमधी?"

"मग मरूच नकोस! शेवटी जिवंत राहा."

शेंगांचं ताट बाजूला सरकलं.

"का? तुझ्या पुस्तकात मंगळ्या मेला, टोळीतला देवराम मेला, तुमची म्हैस मेली. म्हशीला दोन पानं दिली तू. मला तेवढं मरण नाय?"

"आत्या, पुस्तक माझं आहे."

"आसंल. मरण माझं हाय."

तिने पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाली, "नाव काढून टाक माझं." आणि गेली.

(इथे खर्डा नाही.)

मी काढून पाहिलं. कॉम्प्युटरला सांगितलं, भिमाबाईच्या जागी सगळीकडे रखमाबाई घाल. त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत घातलं. मग पहिलं वाक्य वाचलं. रखमाबाई कात्री कमरेला खोचून निघाली. पुन्हा वाचलं. कुठेही निघाली नव्हती. तिथेच उभी होती, फोटो काढायला सांगितल्यासारखी.

सगळ्या भिमाबाई परत आणल्या आणि चपला घालून धावले.

दिंडोरी नाक्यावर जीप भरली होती. ड्रायव्हर यादव हॉर्न देत होता. आत्या खाली उभी राहून, दाराला हात लावून, एकेक नाव घेत होती.

"अक्काबाई!"

"हू."

"सरू!"

"हू."

"राजूची बायको! आगं ये, झोपली का?"

"हू, हू. जागी हाय."

जीपमध्ये हसू फुटलं.

आमच्याकडे मुकादम माणसं मोजत नाही. मोजलं की माणूस उणा होतो म्हणतात. म्हणून नावं घ्यायची. आत्या रोज संध्याकाळी ओळीच्या टोकाला हेच करते. पण तिचं नाव? ते कोण घेतं? कोणीच नाही. घेणारी तीच.

खर्डा चौथा. नाक्यावर, चहाच्या टपरीला टेकून, मोबाईलवर अंगठ्याने.

संध्याकाळी भिमाबाईने सगळ्यांची नावं घेतली. सगळ्यांचा हू आला. मग ती वेलीच्या बुडाशी बसली. तिचं नाव घ्यायची कुणाला सवय नव्हती. बऱ्याच वेळाने सरूने घेतलं. मग अक्काबाईने. मग सगळ्या ओळीने. मग पलीकडच्या बागेतल्या टोळीनेही. हू आला नाही. तरी त्या दिवशी एकही माणूस बागेतून हलला नाही.

जीपच्या दारात उभी राहून मी ते वाचलं. हॉर्न थांबला. सरूने पदराने नाक पुसलं आणि शेजारणीला कोपर मारलं. "बघ, पयली हाक माझी."

आत्या खाली बघत होती.

"पलीकडच्या टोळीनं पण?"

"पण."

"म्हंजी त्या निफाडवाल्या मुकादमाची मानसं? त्यो तर माझं नाव काढलं की थुकतो."

"तोही थांबला, आत्या. तोही हाक मारत होता."

ती हे चघळत राहिली. मग म्हणाली, "मंगळ्याच्या येळंला किती थांबले व्हते?"

"दोघं. संबळवाले."

आत्याने मान वर केली. हसली नाही, पदर नीट केला, खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, फोटोला बसतात तसा. एवढं पुस्तक लिहून मला जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. मी लेखक होते. दिंडोरी नाक्यावर, धुळीत, पण होते.

"नाव ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

"आत्याबाई, बसा आता," यादव म्हणाला. "उशीर झाला."

"थांब की रं! आत्ता तर मेलेय मी." मग माझ्याकडे वळून, "पुन्यांदा वाच, पोरी. मागच्या शिटावर ऐकू गेलं नाय."