पावसाला शिवी

पारनेरच्या दवाखान्यात नर्स असलेल्या रेश्माला जर्मनीत नोकरी हवी होती, आणि मागाहून लेकरालाही तिकडं न्यायचं होतं. त्याला मांडीवर थोपटत ती हवामानाची वाक्यं घोकायची. क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, ती माणसं गप्पांना हवेपासूनच सुरुवात करतात. पाऊस असला की म्हणायचं, 'झाउवेटर', म्हणजे डुकराची हवा.

सासूबाईंनी, गोजरबाईंनी, हातातलं सूप खाली ठेवलं. "पावसाला डुक्कर? आन् ऊन पडलं की?"

"शोनेस वेटर. छान हवा."

"मग या म्हनावं चैतात हिकडं! लई छान हवा हाय आमच्यात. टँकरमागं पळाया घागर तेवढी आना."

रेश्मा हसली. फुकटच्या पावसाला नाकं मुरडणाऱ्या त्या लोकांची तिलाही किळसच आली.

मुलाखतीच्या दिवशी मोबाईलवर तिथली मोठी नर्स दिसली. तिच्यामागच्या खिडकीवर पाऊस कोसळत होता. पावसाकडं बोट दाखवून तिनं सुस्कारा टाकला. रेश्मानं कपाळाला आठी घातली, मान हलवली आणि जर्मनमध्ये होकार देत म्हणाली, "या, झाउवेटर!"

बाई खळखळून हसली. नोकरी तिथंच पक्की झाली.

रेश्मा वळली, तर दारात नातवाला कडेवर घेऊन गोजरबाई उभ्या.

"ती परकी. तिला काय कळतंय? पन तू गं? तोंड तरी किती मनापास्नं वाकडं केलंस!"

रेश्मानं लेकराकडं हात पसरले. गोजरबाईंनी त्याला पदराआड घेतलं.

"तू जा खुशाल. ह्यो न्हाई यायचा."