आईच्या बाजूचं

शिवणखोलीतल्या बाया तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईनं सहा मशिनी उभ्या केल्या, त्यावर घर उभं केलं. तिच्या जिभेला धार असणारच.

तिच्या लेकीला दिवस राहायचे, पण टिकायचे नाहीत. एक मूल जन्मलं, ते एकोणीस दिवसांत गेलं. पुढे दवाखान्यात बीज काढून काचेत गर्भ धरवले, तेही चार दिवसांत वाढायचे थांबले. दर वेळी कात्री उठायची, जावयाच्या घरी जायची आणि विहिणीला सुनावायची, “आमच्या जमिनीत खोट नाही. तुमचं बियाणंच किडकं.” आणि पुरावा म्हणून स्वतःच्या मुलाची दोन पोरं पुढे करायची. “हे बघा आमचं रक्त. कसे ठणठणीत आहेत.”

त्या शनिवारी नव्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकींसमोर रिपोर्ट ठेवला.

“आजी, शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक चुली असतात म्हणा. मायटोकाँड्रिया. त्यांची जनुकं वेगळी, आणि ती फक्त आईच्या बीजातून येतात. बापाकडची टिकत नाहीत. तुमच्या लेकीच्या चुलींत दोष आहे. गर्भाला ताकद तिथूनच मिळते. ती कमी पडली की वाढ खुंटते.”

“मग आमचे नातू कसे ठणठणीत?”

“ते मुलाचे ना? त्यांच्या चुली तुमच्या सुनेकडून आल्या.”

कात्रीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आणि हिच्या?”

“तुमच्याकडून. तुमच्यात दोष थोडा असेल, हिच्या वाट्याला जास्त आला. त्यात कुणाचा अपराध नाही.” डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल उलटली. “फक्त इथे लिहिलंय, आईच्या बाजूला बाळं दगावली नाहीत. तसं काही कळलं असतं, तर ही तपासणी पाच वर्षांपूर्वीच झाली असती. आता यांचं वय एकेचाळीस. दुसरीचं बीज घ्यावं लागेल. तुमच्या माहेरची कुणी नको. सून चालेल.”

  त्या फाइलमधला फॉर्म कात्रीनं पाच वर्षांपूर्वी सुनेकडून भरून घेतला होता. त्या ओळीवर सुनेचा हात थांबला होता. “आई, तुमची पहिली दोन बाळं...” आजारपणात कधीतरी कात्रीच तिच्याजवळ बोलून गेली होती. “नाही लिही,” कात्री म्हणाली होती, “परक्यापुढे घरची लक्तरं कशाला?” सुनेनं ‘नाही’ लिहिलं.

दुपारी सून काजं करत बसली होती.

“सूनबाई, ताईसाठी बीज द्यायचंय. मंगळवारी पहिली तपासणी.”

“ऑर्डर सांगताय की विचारताय?”

“विचारतेय.”

“पूर्वी कधी ऐकलं नाही, म्हणून ओळखलं नाही.” सुनेनं दोरा तोडला. “ताईंसाठी देईन. पण फॉर्मचं तुम्ही त्यांना सांगायचं. अक्षर माझं आहे.”

“झालं गेलं कशाला उकरतेस?”

“मग राहू द्या.”

“माझ्याच घरात मला अट घालतेस?”

“तुम्हीच शिकवलंत, आई. माप पक्कं झाल्याशिवाय कापड कापायचं नाही.”

संध्याकाळी कात्री लेकीच्या घरी गेली. विहीण पाणी देऊन आत निघून गेली. इतक्या वर्षांत ती या बाईसमोर थांबायचं विसरली होती. कात्रीनं लेकीला फॉर्मचं सांगितलं. आधी आडून, मग सरळ.

लेक रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्याला दटावता येतं.

“किती होती?” लेकीनं विचारलं.

“माझी दोन. माझ्या आईची तीन.”

“आणि इथे येऊन किडकं बियाणं म्हणालीस.”

“तुझ्यासाठीच गं. कळलं असतं तर घालवून दिलं असतं तुला.”

“सासूबाईंनी? नऊ वर्षं तुझं ऐकून घेतलं, पण मला एका शब्दानं बोलल्या नाहीत त्या.”

 “वहिनी तयार आहे,” कात्री म्हणाली. “घे तिचं. होईल सगळं नीट.”

“घेईन. झालं मूल तर त्याचं बीज वहिनीचं, नाव ह्यांच्या घरचं, पोट माझं. तुझं त्यात काही नसेल.” लेकीनं फोन हातात घेतला. “पाच वर्षांत आज पहिल्यांदा जरा बरं वाटलं.”

मग तिनं फोन लावला.

“वहिनी? हो, आलीय. सांगितलं.” ती बराच वेळ ऐकत राहिली. “मंगळवारी दहाला. नाही, आणखी कुणी नको. आपण दोघीच जाऊ.”

आई समोरच बसली होती.