समईला कान, तसबिरीला डोळा

पंचवटीतल्या त्या बोळात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. दोन हजार तीन सालची गोष्ट. अंतर्साक्षी महाराज म्हणे बाईच्या पोटातलं ओळखायचे! बाई नुसती समोर उभी राहिली की नवऱ्याचं नाव, सासूचा छळ, हरवलेली पोत, सगळं घडाघडा. "बोलू नकोस माये, तुझं दुःख माझ्या कानी पोचलं!" पोचलं होतंच. कसं पोचलं, तेवढं मात्र महाराज सांगायचे नाहीत.

रीत अशी होती. बाईने एकटीने सोवळ्याच्या खोलीत जायचं, दार लावायचं, अंगावरचं सोडून मठाचं पिवळं लुगडं नेसायचं आणि देवीच्या तसबिरीपुढच्या समईला मनातलं बोलून दाखवायचं. तेवढा वेळ महाराज आतल्या खोलीत ध्यानाला. पाच बायका झाल्या की डोळे चोळत बाहेर यायचे.

भाजीबाजारातल्या लंकाबाईची धाकटी बहीण कुसाबाई तिथं गेली. तीन मुलींची आई. समईला म्हणाली, "तिसरीनंतर मी सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. घरात मुलासाठी नवस चाललेत. सांगायची छाती होत नाय." अर्ध्या तासाने महाराजांनी ते दोनशे माणसांत जाहीर केलं. नवरा, खंडेराव, तिथंच उभा. त्याच दिवशी त्याने बायको आणि तिन्ही पोरी लंकाबाईच्या दारात आणून सोडल्या.

"देवीनंच सांगितलं गं आक्का. मीच पापीण," एवढंच कुसाबाई बोलायची. जेवेना, पोरींकडे बघेना. लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या महाराजाला रडवल्याशिवाय राहणार नाही, असं तिने भर बाजारात सांगून टाकलं.

ते ऐकून मेथी घ्यायला आलेला टीव्ही दुरुस्तीवाला सलाउद्दीन थबकला. "ताई, मागे महाराजांचा टीव्ही बिघडला तेव्हा मी गेलो होतो. पडद्यावर नुसती समई दिसत होती. मला वाटलं, पूजेचा कार्यक्रम असेल. कुठलं चॅनल असेल हो ते?"

लंकाबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

पुढच्या गुरुवारी ती कुसाबाईला ओढतच मठात घेऊन गेली; बरोबर बाजारातल्या भाजीवाल्या बायका आणि सलाउद्दीन. सोवळ्याच्या खोलीत तिने पिवळं लुगडं आपल्या लुगड्यावरूनच गुंडाळलं आणि समईपुढे गळा काढला. "माझा नवरा मल्हारी! मनमाडला रेल्वेत हाय. तिथं दुसरी ठेवलीय वो त्यानं!"

महाराज बाहेर आले. लंकाबाईला पाहून डोळे मिटले. "मनमाड दिसतंय... रेल्वे दिसतेय... मल्हारी! दुसरी बाई आहे माये, पण मी सोडवीन!"

भाजीवाल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "अवो महाराज, हिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली!"

"आन् मल्हारी माझा बोकड हाय!" लंकाबाई ओरडली. "रेल्वेत कवा लागला वो? देवीला खोटं कळलं नाय व्हय? खोटं कोणाला कळत नाय? जो चोरून ऐकतो त्याला!"

मग कोण थांबतंय! बायकांचा लोंढा आतल्या खोलीत घुसला. ध्यानाच्या आसनासमोर टीव्ही चालू होता, खाली कॅसेटींची चळत. पडद्यावर पुढच्या नंबरची पोरगी सोवळ्याच्या खोलीत लुगडं नेसत होती. लंकाबाईने झटक्यात पडद्यावर गोणपाट टाकलं.

"बघू तर द्या, पुरावा नको का?" मागून एक बाप्या म्हणाला.

"पुरावा पोलिसातल्या बाया बघतील. तू बघितलंस तर तुझ्यात अन् ह्याच्यात काय फरक राहिला रे मुडद्या?"

ती पोरगी बाहेर आल्यावर सलाउद्दीनने तसबीर उतरवली. देवीच्या कुंकवाच्या जागी भोक, त्यामागे भिंतीत बोटभर कॅमेरा, शेजारी माइक. तार भिंतीतून थेट टीव्हीला. कॅसेटी पोत्यात भरून लंकाबाई त्यावर ठाण मांडून बसली, एकीला पोलीस चौकीवर पिटाळलं आणि म्हणाली, "पोलीस येईस्तोवर महाराजाला सोवळ्याच्या खोलीत बसवा. तार लांबवून टीव्ही ओसरीवर आणा."

"ताई, हेसुद्धा तेच झालं ना?" सलाउद्दीन दबकत म्हणाला.

"तेच! पण त्याला सांगून करतेय. त्याला कळू दे, कसं वाटतं ते."

पडद्यावर महाराज दिसले. कधी तोंड भिंतीकडे, कधी उपरण्यात. "बघू नका रे! बंद करा! पाया पडतो!" अंतर्साक्षी हुंदके देऊन रडत होता. लंकाबाईने ते डोळे भरून पाहिलं. तिला जराही दया आली नाही.

कुसाबाई पुढे सरकली. "म्हंजी देवीनं नव्हतं सांगितलं?"

"ह्या भुरट्यानं सांगितलं."

दर गुरुवारसारखा खंडेराव आजही मठात आला होता; तो गर्दीतून पुढे आला, मान खाली. "कुसा, पोरींना घे. घरी चल."

"तवा चार माणसांत ऐकलंत, आता बी चार माणसांत ऐका," कुसाबाई म्हणाली. "ऑपरेशन मी केलं. तीन पोरी बास झाल्या म्हणून केलं. पाप नाय केलं. हे पटलं तर उद्या न्यायला या."

लंकाबाई पोत्यावरूनच लोकांना म्हणाली, "बायांनो, बाप्यांनो, देव घरात बघत असंल तर त्याला तार लागत नाय. ज्याला तार लागती तो चोर. आन् तुमच्या मनातलं कोणी घडाघडा सांगाया लागला, तर पाया पडू नका. आधी भिंत तपासा."

आतून रडणं चालूच होतं.

"आक्का, बंद करू?" कुसाबाईने विचारलं.

"थोडं बघू दे."

कुसाबाईने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने टीव्हीची पिन उपसली.